वेदीवरची रेघ

आमच्या गावच्या चर्चमधील नवी दगडी वेदी पास्कूमामांनी घडवली. काम चालू असताना ते तिच्यावरच चहाचा पेला ठेवीत. आज सकाळी बिशपांनी तिच्यावर पवित्र तेल ओतले. विधी संपताच मामा माझ्या कानाशी कुजबुजले, "बाय, घोटाळा झाला. डाव्या कोपऱ्यात माझी पेन्सिलची रेघ राहिली."

"मग पुसून टाका ना."

"आता? सकाळपर्यंत दगड होता गं. आता माझा हात धजत नाही."

उतारवयात मी लॅटिन शिकू लागले आहे. अशा विधीला त्या भाषेत 'कोन्सेक्रातिओ' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'साकेर' आहे. पवित्र आणि शापित, दोहोंसाठी तोच शब्द. कोडे वाटले होते; मग कळले, दोन्ही माणसांच्या वापरातून काढून देवाच्या हवाली केलेले. परंतु आपणही म्हणतोच, अमका माणसांतून उठला. वेदीही आज माणसांतून उठली.

त्या रेघेपुरती ती अजून मामांची आहे, असे त्यांना सांगावेसे वाटले. धीर झाला नाही.

बाहेर अंगणात चहा आला. मामा पेला हातात धरून उभेच राहिले. तो कुठे ठेवावा, हे त्यांना सुचत नव्हते.