लाल पट्टीची चौकट

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. आधी रागच आला… भांडण अर्धवट टाकून हा माणूस गेला.

तो अणुभौतिकीचा प्राध्यापक. किरणोत्सारी अणूंचा झोत सोडायचा आणि क्षणभर जगून विझणारा एकेक अणू टिपायचा, असल्या प्रयोगांसाठी तो डिटेक्टर बनवी. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी माझ्या गारखेड्यातल्या वर्कशॉपात व्हायच्या. देवगाव रंगारीहून मी रिकाम्या हातानं आलो, भावात कुणाला ऐकत नाही. पण "पाटील, कडेला नख अडकतंय," म्हणत त्यानं एकच चौकट तीनदा परत पाठवली आणि मी तीनदा घासून दिली. एवढं करून त्याच्या शोधनिबंधात माझं नाव कधी नाही. ते आजही सलतं.

त्याच रागात मी चूक केली. प्रयोगाहून परतलेली चौकट त्याच्या टेबलावर होती, पिशवीला लाल पट्टी. तो चहा सांगायला गेला तेवढ्यात उचलली. माझा माल! लाल पट्टी म्हणजे 'किरणोत्सारासाठी अजून तपासलेली नाही', हे मला ठाऊक होतं… तरी घरी येऊन ती पिशवी फाडली. चार वर्षांची नात मुक्ता चौकटीतून तोंड काढून हसत होती आणि रशीदभाई धापा टाकत दारात उभा. हातात किरणोत्सार मोजणारा काउंटर.

"हात दिखाव, बेटा." तळवे, केस, ओठ. टिक… टिक…

"वाजतंय की रे!"

"भिंतीपाशी पण एवढंच वाजतं. दगड वाजतो, आभाळ वाजतं. पोरगी साफ हाय, चौकट बी. वाजतंय म्हणून भिऊ नको, पाटील. बंद पडलं, तर घाबर. मग काहीच कळत नाय."

"शपथ घे."

"मशीन झूठ नाय बोलत. चोर तू हायेस!"

नातीसमोर चोर! मी त्याला बाहेर काढलं. मग सहा महिने बोललो नाही. मुक्ताला साधा ताप आला तरी माझे हातपाय गार पडायचे. विचारावं असा एकच माणूस होता, आणि त्यालाच विचारत नव्हतो.

रशीदभाईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्याच्या बायकोनं, भाभींनी, तो काउंटर माझ्या हातात ठेवला. "हे याचे सेल बदलत राहायचे. म्हणायचे, पाटील मुक्ताला घेऊन येईल, तेव्हा बंद मिळायला नको."

आता दर रविवारी मी तो तिच्या तळव्याजवळ धरतो. टिक… मग बराच वेळ काहीच नाही. मुक्ता माझ्याकडे बघते. मी श्वास रोखून थांबतो… पुढची टिक येईपर्यंत.