मरळ पोचली, सवाल नाही

"कालची मरळ मस्त होती बाई. पण काटे लय होते."

भरल्या ग्रामसभेत भाऊ हे बोलले. मी उभी होते, हात जोडून. पुढच्या खुर्च्या हसल्या, मग मागची सतरंजी हसली.

भाऊ म्हणजे आमच्या सरपंचबाईंचे मालक. गावची सरपंचाची जागा बायांसाठी राखीव आहे, म्हणून खुर्चीवर त्या बसतात. बोलतात भाऊ. सही त्या करतात. कुठं करायची, ते भाऊ बोटानं दाखवतात.

मरळीला काटे कमीच असतात. ढिवराच्या घरचं शेंबडं पोरगंही हे सांगेल. मला तर तिथल्या तिथं कळलं की हा माणूस हसवण्यासाठी काहीही बोलून राहिला. पण मी काय केलं? मीही हसले. चांगले दात दिसतील अशी.

मग त्यांनी दुपट्टा नाकाशी नेला.

"एक काम कर. मच्छी आणत जा. सवाल आणू नको. जा, मागं बस."

मी मागं गेले. चपलांपाशी जागा होती. बसले.

आमच्या टोल्याची, म्हणजे गावाबाहेरच्या ढिवरांच्या वस्तीची, एक रीत होती. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी भाऊंच्या घरी मच्छी पोचवायची आणि सवाल त्यांच्या कानावर घालायचा. सवाल लहान तर मच्छी लहान. नळाच्या तोटीला वाटीभर झिंगे. विजेच्या खांबाला रोहू. सासूनं मला हे शिकवलं, तिला तिच्या सासूनं. तेव्हा भाऊंच्या जागी त्यांचे वडील होते, एवढाच फरक. मच्छी पोचली म्हणजे सवाल पोचला, असं आम्ही धरून चालायचो. तिकडं त्यांच्या घरी रस्सा उकळायचा आणि इकडं आम्हाला वाटायचं, आपलं काम शिजून राहिलं.

माझा सवाल मोठा होता. म्हणून मी मरळ नेली. तीही जिवंत, पाण्याच्या गंजात.

टोल्यातून तलावावर जायची एक पांदण आहे. बैलगाडी जाईल एवढी रुंद. भाऊंच्या साळ्यानं ती आपल्या धानाच्या बांधीत घेतली आणि दोन्ही तोंडांना काटेरी तार ठोकली. आता आम्ही डोक्यावर टोपल्या घेऊन शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, अरुंद बांधांवरून, फिरून येतो. आंधळगावच्या बाजारात पोचेस्तोवर मच्छी नरम पडते. गिऱ्हाईक गलफड उचलून पाहतं, काही बोलत नाही, पुढच्या टोपलीकडं जातं. ते काही न बोलणंच आमचं नुकसान.

आता माझंही विचारणं काही फार शहाणपणाचं नव्हतं. घरात माझी ख्याती आहे. मीठ संपलं हे सांगायलाही मी आजेसासऱ्यापासून सुरू करते. सभेतही तेच. तलावाच्या पाळीवर आजेसासऱ्यानं माती कशी टाकली, त्या पांदणीनं माझी वरात कशी आली, वरातीत बैल कसा मधातच बसला. बैलापर्यंत पोचले आणि भाऊंनी मरळ काढली. पांदण माझ्या तोंडातच राहिली.

घरी येऊन भात टाकला. राग आला नाही. रडू आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला वाटत नाही, तसं सारं अंग झालं होतं.

जेवताना नवरा म्हणाला, "काहून व, बोलत नाहीस? घर सुनं लागून राहिलं."

"थकली."

"तू? आणि बोलून थकली? बाप्पा."

तो आपल्याच बोलण्यावर हसला. मी त्याला भात वाढला.

असेच दिवस गेले. धुऱ्यावर पाय घसरला, गुडघा सोलला. तेही फार दुखलं नाही. टोपली तेवढी सावरली.

मग एका बाजाराच्या दिवशी एक नवा मास्तर टोपलीपुढं उकिडवा बसला. लहान पोरीसाठी मच्छी पाहिजे होती त्याला. मरळीकडं बोट करून म्हणाला, "हिला काटे असतात का हो, बाई?"

मी म्हटलं, "लय असतात."

तो उठून गेला. शेजारी सून बसली होती. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.

"आई, काय सांगून राहिल्या तुम्ही? मरळीले काटे?"

जन्म गेला माझा मच्छी कापण्यात. लग्नाआधी बापाच्या घरी, लग्नानंतर नवऱ्याच्या. आणि माझ्या तोंडातून भाऊ बोलले होते. त्या दिवशी मला फक्त चपलांपाशी बसवलं नव्हतं. माझ्या हाताला माहीत असलेलं खरंही काढून घेतलं होतं. आणि मी ते हसत दिलं होतं.

मी उठले. मास्तर भाजीच्या दुकानांपाशी सापडला. म्हटलं, "गुरुजी, खोटं बोलली मी. मरळीले काटे कमी असतात. पोरीले बिनघोर खाऊ घाला." त्यानं मला वेडी समजलं असावं. मरळ मात्र घेतली.

परतताना सून म्हणाली, "आता मले सवाल सांगा. पांदणीचा."

मी सुरू केलं, "आजेसासऱ्यानं..."

"आजेसासरे नको."

"मग वरात..."

"वरात नको."

"बैल तरी?"

"आई, बैलही नको."

उरलं काय? पांदण कधी मोकळी होणार. मी म्हटलं, "इतकंच? हे तर कोणीही विचारल."

"मग विचारू द्या ना कोणालेही."

पुढच्या सभेआधी टोल्यातून मच्छी गेली नाही. एक म्हातारी म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जावाचं, व माय?" पण आली.

भाऊ मला पाहून म्हणाले, "काल टोल्याकडून वास नाही आला. तलाव आटला का?"

सारे हसले. मी हसले नाही. हे लिहायला सोपं आहे. तिथं माझे ओठ आपोआप फाकत होते, मी ते आतून दातांनी धरून ठेवले. मग भाऊंकडं पाहिलंच नाही. खुर्चीकडं पाहिलं.

"सरपंचबाई, पांदण कधी मोकळी होणार?"

"पाहू," भाऊ म्हणाले.

"मी बाईंले विचारून राहिली."

"मी बोललो काय अन् ते बोलली काय, एकच."

"एकच असतं तर मत तुम्हाले दिलं असतं जी."

कोणी हसलं नाही. बाई आधी भाऊंकडं पाहत राहिल्या, मग टेबलाकडं. मग हळूच म्हणाल्या, "मोजणी लावा लागल."

त्यांचा आवाज सभेत मी पहिल्यांदा ऐकला.

"कधी?"

ग्रामसेवकानं पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, "बाई बोलल्या ते लिहा जी. अन् लिहिलं ते वाचून दाखवा." त्यानं भाऊंकडं पाहिलं. माझ्या मागं सून उभी राहिली. तिच्या मागं म्हातारी, गुडघे धरत. मग टोल्यातल्या बाकीच्या बाया. टोपण निघालं. त्यानं लिहिलं, वाचलं. आम्ही ऐकलं.

मोजणी अजून झालेली नाही. तार तिथंच आहे. भाऊंच्या बांधीत यंदा टोल्यातल्या बायांना धानाच्या रोवणीच्या मजुरीला बोलावलं नाही. नवरा म्हणतो, पाण्यात राहून वैर कायले घेतलं. मी त्याला सांगितलं, पाण्यापर्यंत जायला वाटच कुठं ठेवली त्यांनी.

आता पुढच्या सभेसाठी सवाल अजून लहान केला आहे. मोजणी कोणत्या तारखेला? एवढंच. तारीख नाही मिळाली तर मी खाली बसेन आणि सून उठून तेच विचारेल. तिलाही नाही मिळाली तर तिच्या शेजारची. टोल्यात बाया पुष्कळ आहेत. तारीख ऐकल्याशिवाय ती सभा आम्ही संपू देणार नाही.