छोटीला आणणार कोण?

डबा खाताना आधी आतल्या डबीतलं संपवतो, मग बाहेरचं. चहा हवा का विचारलं की म्हणतो, "दूध कसं आहे त्यावर ठरेल." फोनवर कोणाचं नाव घेत नाही, "आज जो ड्यूटीवर असेल त्याला द्या" म्हणतो. लिफ्टमध्येही मजल्याचं बटण दाबण्याआधी थोडा विचार करतो.

हा आमच्या ऑफिसातला दादा. मी तिथे सॉफ्टवेअरच्या मदतीची पानं लिहिते. तो जावा या संगणकभाषेत साचे लिहितो, त्यांतून शेकडो सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे कसं चालायचं याच्या सूचना, तयार होतात. साच्यात माहितीऐवजी नुसतं नाव लिहायचं, प्रोग्राम त्या जागी खरी माहिती भरतो. दादाच्या साच्यांत नावाच्या पोटात आणखी एक नाव असतं. आधी आतलं सोडवायचं, त्यावरून बाहेरचं ठरतं. थेट काही लिहिणं त्याला गावंढळ वाटतं.

घरीही त्याने हेच यंत्र बसवलं. वहिनी नर्स. त्यांची पाळी बदलली की लेकीला, छोटीला, पाळणाघरातून आणणारं माणूस बदलतं. म्हणून रोज सकाळी फ्रिजवर छापील कागद: आज छोटीला आणणार अमुक.

परवा त्याने त्यात सुधारणा केली. वहिनींची दिवसपाळी असेल तर आणणार कोण? ज्याच्याकडे गाडी तो. गाडी कोणाकडे? जो छोटीला आणणार त्याच्याकडे. प्रोग्राम गोल गोल फिरला, दमला आणि जागा कोरी सोडून मोकळा झाला.

कागद दोघांनी वाचला. आपलं नाव नाही म्हणून दोघंही निश्चिंत कामावर गेले.

संध्याकाळी ऑफिसात दादाला पाळणाघरातून फोन आला, छोटीला न्यायला कोणीच आलं नव्हतं. दादाने लॅपटॉप उघडला.

"अरे, निघ ना!" मी म्हणाले.

"थांब गं. नाव का आलं नाही ते तर कळू दे."

"लेक अजून तिथेच आहे, दादा!"

मी त्याला स्कूटरवर बसवलं. वाटेतही तो मागून समजावत होता, आतलं आधी सुटायला हवं होतं.

पाळणाघराच्या बाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. छोटी त्यांच्या पर्समधली बिस्किटं संपवत होती. तेवढ्यात वहिनीही धापा टाकत आल्या.

"हे शेवटचं," बाई म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर तिची जागा दुसऱ्या मुलाला देईन. रांग लागली आहे."

दादाचा चेहरा पडला. शहरभर हिंडून मिळवलेली जागा होती ती.

"बाबा, तुझा कागद खोटारडा आहे," छोटी म्हणाली.

"खोटारडा नाही गं. तो गोंधळला होता."

"गोंधळायला त्याला शिकवलं कोणी?" वहिनी म्हणाल्या. "घरी चल. हाताने लिहायचं. आई किंवा बाबा. तिसरा शब्द दिसला तर बघ!"

घरी वहिनींनी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला. मी थक्क होऊन बघत होते. इतकी मोठी यंत्रणा चालवणारा माणूस पेन धरून घामाघूम झाला होता. सोमवार: आई. मंगळवार: बाबा. बुधवारपाशी पेन अडलं.

"आता काय?"

"बुधवारी तुझी पाळी…"

"लिही!"

"लिहितो गं. फक्त एवढं सांग, पाळी कोण ठरवतं?"

वहिनींनी कपाळाला हात लावला.

कागद फ्रिजवर तसाच आहे. बुधवार अजून लिहायचा राहिलाय. बुधवारी छोटीला मी आणते.