सिस्टरचं ‘कै’

डोळ्यातल्या इंजेक्शनआधी माझा डोळा औषधाने धुणाऱ्या सिस्टरची मी मुलाच्या वस्तीत, वेस्ट मांबलमभर बदनामी केली. “स्वतःच विचारते आणि बोलू देत नाही!” ती बदनामी आज मागे घेतो.

जंतू शिरून डोळा जाऊ नये म्हणून तिथे आत डोळ्याला हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. माझा हात उठला की ती मास्कमधून ओरडे, “कै!” मला ऐकू येई, “काय?” मी सांगू लागलो की डोळे वटारून गप्प करी आणि पुन्हा धुवी.

‘कै’ म्हणजे तमिळमध्ये हात, हे मुलाने नंतर सांगितलं.

पुढल्या खेपेला मी मुकाट पडून राहिलो. बाहेर आल्यावर तिने मास्क काढून विचारलं, “काय?”

मी घाईघाईने दोन्ही हात दाखवले.

“हात नको, आजोबा,” ती हसली. “मी तंजावरची मराठी. आत बोलायचं नसतं, म्हणून आता विचारते. दुखलं काय?”