अकराव्या सेकंदाला थांबणारा व्हिडिओ

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही, म्हणून ती तोंडाशी उभी होती आणि मी अजून बाबांच्या कम्प्युटरसमोर बसले होते. माझी मोठी बॅग त्यांनी केव्हाच खाली नेली होती. आईच्या फोटोसमोर वंदना झाली होती, खालच्या निर्मला मावशीनं हातावर दही ठेवून झालं होतं. बाबा दारात उभे राहून घड्याळ बघत होते.

"होऊ दे वं लवकर. विमान का तुझ्या मामाचं आहे?"

"दोन मिनिट बाबा. हे लावूनच निघते."

'हे' म्हणजे एक नवा ब्राउझर. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ज्या कंपनीत कामाला निघाले होते, तिचाच. महिनाभर आधी बाबांच्या पडद्यावर एक लाल चौकट आली होती: तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, या नंबरवर फोन करा. बाबांनी केला. पलीकडच्या गोडबोल्या माणसानं बघता बघता कम्प्युटरचा ताबा घेतला. माउसला हात न लावता बाण फिरायला लागला तेव्हा बाबांनी सरळ भिंतीतला प्लग उपटला. माणूस एकटा राहणार, त्यात हे असले चोर, म्हणून मी जाण्याआधी घराला पहारेकरी बसवत होते. जाहिराती बंद, माग काढणाऱ्या कंपन्या बंद, आणि ब्राउझर मिटला की काय पाहिलं ते सगळं पुसलं जाणार. होतं नव्हतं ते सगळं मी सगळ्यात कडक केलं. वर पत्त्याच्या पट्टीशेजारी एक बारीकशी ढाल दिसायची, ती बाबांना बोट लावून दाखवली.

"ही खाली करायची नाही. कोणी कितीही सांगो, काही बंद पडो."

"नाही करत," बाबा म्हणाले, आणि मी उठले.

बाबांचं 'नाही करत' म्हणजे काय ते सांगायला हवं. ते कळमेश्वरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या कारखान्यात होते, तपासणी खात्यात. तीस वर्षं सकाळच्या कंपनीच्या बसनं जायचे. पत्रा उजेडात तिरपा धरायचा आणि त्यावरचा चरा, पोचा, डाग शोधायचा, हे काम. सापडला की रजिस्टरमध्ये तीन रकाने भरायचे: दोष, कारण, उपाय. शेवटी पास किंवा रिजेक्ट. केसाएवढा चरा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि घरीही ती नजर सुट्टीवर जायची नाही. शाळेतून रडून यावं, बाहेरच्या नळावर तोंड धुऊन मग घरात शिरावं, तरी चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचे, "कोणासंग भांडली वं आज?"

तीच नजर मी गेल्यावर जायला लागली, आणि मला ते तीन वर्षं कळलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं माझ्याविषयी उगाच बरं मत व्हायला नको.

कॉर्कमध्ये माझं काम ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं. आणि तक्रारी बघाल तर दहातल्या सहा एकच: व्हिडिओ मध्येच थांबतो. कारणही बहुतेक वेळा एकच. आमचा ब्राउझर तुमची इतकी राखण करतो की चोराबरोबर पाहुण्यालाही दारात अडवतो. व्हिडिओ दाखवणारी यंत्रणा बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीची असते. ढालीला वाटतं कोणी परका घुसतोय, आणि ती त्याला आत येऊ देत नाही. आमची उत्तरंही ठरलेली. पान पुन्हा उघडा, साठवलेलं पुसा, ब्राउझर नवा करून घ्या, मशीन बंद करून चालू करा. आणि शेवटी, त्या एका साइटपुरती ढाल खाली करा. एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घोटून घेतला होता: ग्राहक काय बघत होता ते कधीही विचारायचं नाही. तोच तर आमचा धंदा. कोणी काय पाहतो ते आम्हाला कळत नाही, याचा आम्हाला अभिमान.

नागपुरातून बाहेर पडलेल्यांनो, परदेशातलं पहिलं वर्ष कसं जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरमालकीण फोडणीच्या वासावरून तोंड वाकडं करायची, म्हणून मी पाव आणि सूपवर आले. केस मूठमूठ गळायला लागले. डोळ्यांखाली काळं आलं. बाबांचा फोन यायचा आमच्या लंचच्या वेळी. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. ते व्हिडिओ कॉल लावायचे आणि मी कॅमेरा बंद ठेवायची. "इथं नेट स्लो आहे बाबा." आयर्लंडमध्ये नेट स्लो! माझा चेहरा त्यांनी उजेडात धरला असता तर एका मिनिटात तिन्ही रकाने भरले असते, ही खरी भीती. फोटो मागितला तर मी आदल्या दिवाळीचा पाठवायची. बाबा "जेवली का?" एवढं विचारायचे.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं मदतीच्या पानासाठी एक व्हिडिओ करून घेतला, 'व्हिडिओ थांबत असेल तर काय करावं' या विषयावर, आणि समोर बोलायला मला उभं केलं. दीड मिनिटांचा, इंग्रजीतला. बाबांना मी कौतुकानं सांगितलं, पानाचा पत्ताही सांगितला, आणि विसरून गेले. तो बघावा असं त्यात काय होतं?

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाबांचा फोन आला.

"व्हिडिओ मंधातच थांबून राहिला वं. गाणे चालते, बातम्या चालते, हा एकच नाही चालत."

इथं मी थांबायला हवं होतं. कोणता, एवढा एक शब्द विचारायला हवा होता. नियम तर होताच. पण खरं सांगू, नियमाहून जास्त मला संकोच वाटला. एकटा पुरुष माणूस, कम्प्युटरवर काहीही बघत असेल, लेकीनं कशाला विचारावं? आणि ते स्वतःहून नाव घेत नव्हते, म्हणजे काहीतरी तसंच असणार. माझ्याच मनाला केवढा पोचा पडला होता ते बघा. मी आपली पाठ केलेली यादी सुरू केली. पान पुन्हा उघडा.

"केलं. थांबते."

साठवलेलं पुसा.

"पुसलं. तेथीच थांबते."

पाच-सहा आठवडे असं चाललं. दर चार दिवसांनी एक नवा उपाय, दर चार दिवसांनी तेच उत्तर. शेवटचा उपाय तेवढा मी सांगितला नाही. ढाल खाली करू दिली आणि उद्या पुन्हा कोणी लाल चौकटवाला शिरला तर? एकदा त्यांनीच हळूच विचारलं, "ते ढाल थोडीशी खाली केली तर?" आणि मी लंच संपत आल्याच्या चिडीत म्हणाले, "बाबा, एवढा काय जीव अडकलाय त्या व्हिडिओत? दुसरं काही बघा ना."

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी व्हिडिओचं नाव काढलं नाही.

आमच्याकडे ग्राहकानं आठवडाभर उत्तर दिलं नाही की तक्रार सुटली असं धरून बंद करतात. मीही मनातल्या मनात ती बंद केली.

मग आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी निर्मला मावशीचा फोन आला. "तुझ्या बाबाले दिसून नाही राहिलं वं. जिन्यावरून पडले. पाय मुरगळला, तसं बरं आहे. पण समोर उभी राहिली तर म्हणते, कोण आहे गा? मले गा म्हटलं, बाप्याले म्हणते तसं! मी बाईमाणूस, मले ओळखलं नाही."

काचबिंदू. पुढे मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. बाबांना कधीचं माहीत होतं. थेंब चालू होते, पण उशिरा सुरू झालेले. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी नागपूरला पोचले तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते, पायाला पट्टी बांधून. उजेड आणि सावली एवढं कळत होतं. मी दारात उभी राहिले. तीन वर्षांनी मी त्यांच्यासमोर कॅमेरा बंद न करता उभी होते आणि ते माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूला बघत हसत होते.

"आली? जेवली का?"

मी मोठ्यानं रडले. लपवायचं काही उरलंच नव्हतं.

कम्प्युटरच्या टेबलावर इतवारी बाजारातून आणलेलं एक लांबट रजिस्टर होतं. बाबांनी आखून घेतलेले तीन रकाने. दोष: व्हिडिओ अकराव्या सेकंदाला थांबतो. कारण: कोरं. उपाय: मी फोनवर सांगितलेलं एकेक. ब्राउझर मिटला की सगळं पुसलं जायचं, म्हणून त्या पानाचा पत्ता प्रत्येक वेळी नव्यानं टाकावा लागायचा, आणि तो पत्ता प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिलेला होता. पहिल्या पानावर त्यांचं कारखान्यातलं बारीक, ओळीत बसलेलं अक्षर. पाचव्या पानावर ते वाटाण्याएवढं. दहाव्या पानावर ओळी सुटलेल्या. शेवटच्या पानावर पत्त्याची सहा अक्षरंच मावली होती, बोटाएवढी, आणि सातवं टेबलावर गेलं होतं. टेबलावरची शाई निर्मला मावशीला निघाली नव्हती.

पत्ता मला तोंडपाठ होता. आमचं मदतीचं पान.

निर्मला मावशी म्हणाली, "रोज सांजच्याला लावत होते. तू दिसस, हॅलो म्हणस, अन् थांबस. तोंड उघडंच राहे तुझं. मग ते भिंग घेऊन काचेले नाक लावून बसत. मी म्हटलं, पोरीलेच सांगा ना. तर म्हणे, ते कामात आहे, तिले काहून सांगू का तुलेच पाहून राहिलो?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. व्हिडिओ थांबला तर काय करावं, हे सांगणारा आमचाच व्हिडिओ आमच्याच ब्राउझरच्या कडक पहाऱ्यात अडकत होता. अकरा सेकंद माझं नाव आणि नमस्कार. त्यापुढे चाळिसाव्या सेकंदाला मी स्वतः सांगते, त्या साइटपुरती ढाल खाली करा. तिथपर्यंत बाबा कधी पोचलेच नाहीत. आणि ढाल खाली करायला त्यांना माझी परवानगी हवी होती, कारण त्यांनी शब्द दिला होता.

मी त्यांना हाताला धरून कम्प्युटरसमोर आणलं. पत्ता टाकला. एक बोट लावून ढाल खाली केली. तीन सेकंदांचं काम.

व्हिडिओ लागला. अकरावा सेकंद आला तशी बाबांनी मान पुढे केली, सवयीनं, थांबणार म्हणून. तो थांबला नाही.

"चालला वं!" ते ओरडले. "चालला, चालला!"

पडद्यावरची मी इंग्रजीत बोलत राहिले. शेवटी हसून म्हणाले, निश्चिंत राहा, तुम्ही काय बघता ते आम्हाला कधीच कळत नाही. व्हिडिओ संपला.

"चांगली बोलते," बाबा म्हणाले. मग, "आता सांग मले. कशी दिसून राहिली त्याच्यात? खरं सांगजो."

मी सांगितलं. डोळ्यांखाली काळं आहे. गालफडं वर आलीत. कपाळावरचे केस विरळ झालेत. उजव्या भुवईशी एक आठी पडली आहे, ती आधी नव्हती. बाबा लक्ष देऊन ऐकत होते, मान किंचित तिरकी, पत्रा उजेडात धरल्यासारखी. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

तो रकाना आजही कोरा आहे.

कॉर्कला चला म्हटलं, तर नाही म्हणाले. "हे घर मले हातानं मालूम आहे. माठ कुठं, खिळा कुठं, तुझ्या मायचा फोटो कुठं. तेथी मी आंधळा होईन." त्यांच्या नाहीपुढे विषय संपतो हे तुम्हाला आता ठाऊक आहे. निर्मला मावशीच्या भरवशावर त्यांना सोडून मी परत आले. का आले, नोकरीसाठी की भित्रेपणानं, ते मलाही नीट सांगता येत नाही.

जे नागपुरात राहिलात ते म्हणता, घर सोडून गेली. आम्ही गेलेले म्हणतो, घर सोबत घेऊन फिरतो. दोन्ही खोटं आहे. बाबांना महालातल्या त्या दोन खोल्या बोटांनी पाठ आहेत. मला त्या डोळे मिटून दिसतात, पण माठाला लावायला गेले तर हात हवेत जातो. आता घर एवढंच उरलंय, दुपारची वीस मिनिटं. मी कॅन्टीनमध्ये बसत नाही, खिडकीशी बसते, चेहऱ्यावर उजेड येईल अशी. फोन लागतो. बाबा आधी एक गोष्ट विचारतात, मग जेवणाचं.

"क्यामेरा चालू आहे ना वं?"

"चालू आहे बाबा," मी सांगते, आणि तो चालूच असतो.