मध्ये आहे का?

डबक्यावर डिझेलचा तवंग दिसला की मावशी स्कूटर थांबवायची आणि उकिडवी बसून त्यातले रंग बघायची. मागचे हॉर्न वाजवत राहायचे, मला संघटनेच्या बैठकीला उशीर व्हायचा. "बघ, हिरव्यापाशी जाड आहे," ती म्हणायची.

तलासरीजवळच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात ती चाचणीची खोली सांभाळायची. फिरत्या काचेवर दाबलेली पोलादी गोळी, दोन्हींमध्ये तेल, वरून प्रकाश. सूक्ष्मदर्शकात रंगीत कडी दिसायची आणि रंगावरून तेलाचा थर मोजता यायचा. थर केसाहून कितीतरी पातळ. पण यंत्रात तो तुटला की लोखंड लोखंडाला खातं.

"तेल घातलं" एवढं तिला पुरायचं नाही. "ओतलंस ते दिसलं. मध्ये आहे का?" माझ्या पत्रकांनाही तिचा हाच प्रश्न. "उधव्याच्या नाक्यावर गठ्ठा वाटलास. कोणी वाचलं, की त्यात भजी बांधली?" मी चिडायचे. ती हसत चहात बिस्कीट बुडवायची.

मग कारखान्यातल्या एका यंत्राची बेअरिंगं जळू लागली. ते चालवणाऱ्या रानशेतच्या सुकरदादावर ठपका आला, तेल घालत नाही म्हणून. चौकशी करून त्याला काढणार होते. यंत्राला नव्याने आणलेलं स्वस्त तेल मावशीने काचेखाली तपासलं होतं. भार वाढला की रंग विरायचे, म्हणजे थर तुटायचा. हे तिने मला घरी जेवताना सांगितलं. मी लगेच विचारलं, "चौकशीत सांगशील?"

ती भात कालवत राहिली. "तुला सोपं वाटतं सगळं," एवढंच म्हणाली.

तिने सांगितलं. सुकरदादा कामावर राहिला. बाहेर येऊन तो तिला म्हणाला, "तेल मी घातला होता, बाय."

"माहीत आहे रे. मध्ये टिकलं नाही."

थोड्याच दिवसांत चाचणीच्या खोलीला कुलूप लागलं आणि मावशीला घरी बसवलं. मी त्यावर जळजळीत पत्रक काढलं. तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मी विचारलं ते बरोबरच होतं, आजही तेच विचारेन. तरी तिच्याकडे जाताना पाय जड होतात. भाषणं मी केली, नोकरी तिची गेली.

आता ती घोलवडला चिकू निवडते, नखाने साल खरवडून. परवा मी तिच्याशेजारी बसले. न राहवून म्हटलं, "मावशी, दुसऱ्या एका कारखान्यात पण असंच तेल..."

"तू विचारलंस तर मी पुन्हा खरंच सांगेन," चिकू पेटीत ठेवत ती म्हणाली. "म्हणून विचारू नकोस."