उजवी गिरकी

विमानशाळेतली मुलं मास्तरांना पाठीमागे ‘भोवरा’ म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यांचं कामच तसं होतं. विमानाचा वेग संपून ते गरगरत खाली जाऊ लागलं, तर त्यातून बाहेर कसं यायचं, हे ते शिकवत.

सुरुवातीची काही वर्षं ते सांगून शिकवायचे. “आता गिरकी घेतोय हं,” म्हणायचे आणि विमान डावीकडे फिरवायचे. नेहमी डावीकडेच, कारण ते विमान तिकडे सहज वळे. बाहेर यायला उलट बाजूचं, म्हणजे उजवं पेडल दाबायचं. मुलांचे उजवे पाय अगदी तयार झाले. मग त्यांचा एक विद्यार्थी एकटा उडत असताना विमान उजवीकडे फिरलं. अवशेषांत उजवं पेडल तळापर्यंत दाबलेलं सापडलं. पोराच्या पायानं शिकवलेलंच केलं होतं. मास्तरांना कुणी बोल लावला नाही, हेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून ऑफिसात एक फिरती खुर्ची आली. मुलाला बसवायचं, कुठल्याही बाजूला फिरवायचं आणि ओरडायचं, “आधी भिंत कुठं पळतेय ते बघ, मग पाय!” आकाशात मात्र अवाक्षर काढायचं नाही.

या खेपेला शेजारी त्यांची भाची होती. सोमवारी तिची परीक्षा होती आणि फक्त मास्तरांची सही उरली होती. पुरेशा उंचीवर ती मंद वेगाचा सराव करत होती.

“मामा, आईनं तुमचा स्वेटर विणलाय, पण एक बाही जरा लांब—”

मास्तरांनी दांडा मागे ओढला, उजवं पेडल ठोकलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्या फेरीपर्यंत हात काढायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता.

विमान उजवीकडे गरगरू लागलं. भाचीनं इंजिनाचा जोर कमी केला. तिचा पाय खाली गेला. उजवा.

एक फेरी. दोन. बघ ना गं, मास्तर मनात म्हणत होते. तिसरीला त्यांनी विमान हातात घेतलं.

खाली उतरल्यावर ती ऑफिसात येऊन समोर बसली. “अजून एक सेकंद दिला असता तर मी पाय बदलला असता, मामा.”

“बदलला असतास. पण एकटी असशील तेव्हा तो सेकंद मिळेलच असं नाही.”

“मग सोमवार गेला?”

“गेला.”

“आईला काय सांगू?”

“सांग, मामा खडूस आहे.”

“ते तीच सांगते सगळ्यांना.” बोलता बोलता तिचा आवाज चिरकला.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

मग ती उठली, कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली आणि पाय जमिनीवरून उचलले.

“फिरवा,” ती म्हणाली. “कुठं ते सांगू नका.”